बाजेवर लागलेला निकाल



स्मृतिव्याख्यानासाठी सहसा इतिहास, साहित्य, शेती, फार तर राजकारण असे विषय निवडतात. मोडलेल्या खुब्यावर तासभर बोलायचं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटणार, हा दवाखान्याचा विषय इथे कशाला? पण या दुखण्यातल्या मोठ्या गोष्टी दवाखान्याबाहेर ठरतात, म्हणून त्यावर इथे बेंबळीत, गावातच बोललं पाहिजे. ‘म्हातारी न्हाणीत पडली, खुबा मोडला, चार महिने अंथरुणावर होती, मग गेली’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की त्यात काही तपासण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नाही. वय झालं होतं, पडायचं निमित्त झालं, एवढं म्हणून आपण दहाव्याच्या तयारीला लागतो. माझं म्हणणं असं की ‘पडली’ आणि ‘गेली’ यांच्यामध्ये जे घडतं, त्यातलं बरंचसं वयाच्या खात्यावर टाकता येत नाही. ते पडल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत, बाजेभोवती जमलेल्या चार माणसांच्या बोलण्यात ठरतं. आणि माणसांनी ठरवलेलं माणसांना बदलता येतं.

आधी हे किती वेळा घडतं ते पाहू. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात अशा अस्थिभंगांची मोजदाद झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. पन्नाशी ओलांडलेल्या दर लाख लोकांमागे वर्षाला १२९ जणांचा खुबा मोडतो, असं त्यात आढळलं. बायकांमध्ये हा आकडा १५९, पुरुषांमध्ये १०५. आता २०११ च्या जनगणनेत आपल्या धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती. तिचा पाचवा-सहावा हिस्सा पन्नाशीपुढचा धरला आणि रोहतकचा दर जसाच्या तसा इथे लावला, तर वर्षाला साडेतीनशे ते सव्वाचारशे माणसं निघतात. म्हणजे जिल्ह्यात रोज साधारण एक. हा कागदावरचा हिशेब आहे, मोजणी नाही, आणि रोहतक हा दूधतुपाचा मुलूख आहे, म्हणजे तिथला दर इथे तंतोतंत लागू पडेलच असं नाही, हेही लक्षात घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या आणि लातूर जिल्ह्यात भूकंप झाला, अधिकृत आकड्यांप्रमाणे आठ हजारांच्या घरात माणसं गेली. तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेल्या जखमी माणसाला दवाखान्यात न्यायचं की नाही, यावर कुणी भावकीची बैठक बसवली नाही. न्हाणीत पडलेल्या म्हातारीसाठी मात्र ती बसते. एकेकट्याने मोडणाऱ्या हाडांचा आवाज होत नाही, आणि रोज एक या हिशेबाने झालेली गर्दी कुणाच्या नजरेत भरत नाही.

मोडतं काय, ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा युक्तिवाद कळणार नाही. मांडीचं हाड वर जाऊन आत वळतं, तिथे त्याची मान असते, आणि मानेच्या टोकाला गोळा. हा गोळा कमरेच्या हाडातल्या उखळीत फिरतो. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मानेच्या अंगाने वर चढतात. मान मोडून सरकली की त्या तुटतात किंवा दबतात, आणि गोळा उपाशी पडतो. शिवाय मान सांध्याच्या पिशवीच्या आत असते. हाड जुळवणारं जे आवरण इतर हाडांवर असतं ते तिथे जवळपास नसतं. म्हणून मानेत मोडलेलं आणि सरकलेलं हाड म्हातारपणी आपोआप जुळेल ही आशा फोल आहे. तिथे गोळा काढून धातूचा गोळा बसवावा लागतो. दुसरा प्रकार मानेच्या खाली, जिथे हाडाला दोन उंचवटे असतात तिथे मोडण्याचा. इथे रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे मोडल्यावर मांडीत रक्तस्राव बराच होतो, पण हाड जुळतं. पाय आखूड होईल, पाऊल बाहेर फिरलेलं राहील, माणूस लंगडेल, पण दहा-बारा आठवड्यांत जुळतं. हाडवैद्याचा नावलौकिक याच दुसऱ्या प्रकारावर उभा आहे. त्याने बांधलं आणि जुळलं, हे खोटं नाही. ते न बांधताही जुळलं असतं, एवढंच. प्रश्न हाड जुळण्याचा नसून ते दहा-बारा आठवडे माणसाने जगून काढण्याचा आहे.

आणि ते आठवडे जगून काढणं फार अवघड असतं. सत्तरीतल्या माणसाला उताणं पाडून ठेवलं की छातीत कफ साठतो, खोकायला जोर लागत नाही, न्यूमोनिया होतो. पायांच्या शिरांमध्ये रक्त गोठतं आणि एखादी गाठ फुप्फुसात जाऊन अडकते. माकडहाडापाशी आणि टाचांना जखमा व्हायला आठवडेही लागत नाहीत. एकाच कुशीवर काही तास काढले की कातडी लाल पडते आणि तिथून सुरुवात होते. लघवीच्या नळीतून जंतुसंसर्ग वर चढतो. यात आणखी एक गोष्ट असते, ती कुठल्याही तपासणीत दिसत नाही. दर वेळी भांडं मागायचं, सुनेला उठवायचं, नातवासमोर लुगडं वर करायचं, याची लाज वाटून म्हातारी पाणीच कमी करते. दोन घोट पिते आणि ‘तहान नाही’ म्हणते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागते, गेलेल्या माणसांना हाका मारते. घरचे म्हणतात, आता तिला पलीकडचे दिसायला लागले. खरं तर त्यात पाण्याची कमतरता असते, वेदना असते, जंतुसंसर्ग असतो, आणि यातल्या प्रत्येकावर उपाय असतो. म्हणजे जीव जातो तो बहुतेकदा पडून राहण्यामुळे जातो. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू हाड सुरेख जुळवणं हा नसतोच. माणसाला दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करता यावं, निदान वेदनेशिवाय खुर्चीत बसवता यावं, यासाठी ती असते.

आता पुरावा. ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या आणि त्यानंतर झालेल्या रुग्णांची तुलना करणारे १६ अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. रुग्ण अडीच लाखांहून जास्त होते. उशीर झालेल्या गटात महिन्याभरात मृत्यू होण्याचं प्रमाण ठळकपणे जास्त निघालं, वर्षभराचंही. पण इथे चोखंदळ माणूस लगेच विचारेल, ज्याला आधीपासून हृदयाचा, किडनीचा त्रास आहे त्याचीच शस्त्रक्रिया लांबते, मग तो मेला तो उशिरामुळे की त्या त्रासामुळे? आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला १७ देशांत एक चाचणी झाली, त्यात भारतही होता. २,९७० रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत विभागलं. एका गटाची शस्त्रक्रिया निदानापासून साधारण ६ तासांत, दुसऱ्याची साधारण २४ तासांत. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. मृत्यूंमध्ये अर्थपूर्ण फरक नव्हता, एका गटात ९ टक्के, दुसऱ्यात १०. मात्र घाई केलेल्या गटात भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं, ती माणसं लवकर उभी राहिली आणि लवकर घरी गेली. या निकालाचा गैरवापर करून कुणी म्हणेल, बघा, वेळेने फरक पडत नाही. तसं नाही. सहा तास की चोवीस तास, याने जीव वाचत नाही असं ती चाचणी सांगते. चोवीस तास की बारा दिवस, हा आपल्याकडचा खरा प्रश्न तिने विचारलेलाच नाही, कारण बारा दिवस थांबवण्याचा गट चाचणीत करायला कुठलीही नीतिसमिती परवानगी देणार नाही.

ब्रिटनचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथे २००७ मध्ये खुब्याच्या प्रत्येक अस्थिभंगाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. रुग्ण किती वाजता आला, किती वाजता टेबलवर गेला, वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञाने त्याला पाहिलं का, दुसऱ्या दिवशी त्याला उभं केलं का, हे सगळं लिहायचं. २०१० पासून ३६ तासांत शस्त्रक्रिया आणि बाकीच्या अटी पाळणाऱ्या रुग्णालयाला प्रत्येक रुग्णामागे जास्त पैसे मिळू लागले. नोंदवहीत भाग घेतलेल्या रुग्णालयांत तीस दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण २००७ मध्ये १०.९ टक्के होतं, ते २०११ मध्ये ८.५ टक्क्यांवर आलं आणि पुढेही उतरत गेलं. या घसरणीमागे कुठलं नवं औषध नव्हतं, नवा धातू नव्हता. कुणीतरी घड्याळ लावून मोजलं, आणि मोजमाप होतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या जिल्ह्यात यातलं काहीच मोजलं जात नाही. मोजायला एक रजिस्टर आणि एक पेन पुरेसं आहे.

घरातून येणारा पहिला आक्षेप वयाचा. ‘एवढ्या वयात भूल झेपेल का?’ ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही, धोका असतोच. पण तुलना कशाशी करायची ते चुकतं. आपण शस्त्रक्रियेचा धोका आणि ठणठणीत म्हातारी यांची तुलना करतो. ठणठणीत म्हातारी हा पर्याय ती घसरली त्या क्षणीच संपला. उरलेले पर्याय दोनच, शस्त्रक्रियेचा धोका आणि पडून राहण्याचा धोका, आणि दुसरा सहसा बराच मोठा असतो. भुलीबद्दल सांगायचं तर आपल्याकडे ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन होते. पूर्ण भूल आणि कमरेची भूल यांची तुलना करणारी १,६०० रुग्णांची अमेरिका-कॅनडातली चाचणी २०२१ मध्ये आली. दोन महिन्यांनंतर चालता येणं किंवा जीव वाचणं, यात दोन्हींत फरक आढळला नाही. तेव्हा भुलीच्या प्रकारावरून दोन दिवस घालवण्यात अर्थ नाही. ‘टू-डी इको’चा नंबर लागला नाही, फिजिशियनची ‘फिटनेस’ राहिली, म्हणूनही दोन-तीन दिवस सहज जातात. छातीत नवं दुखणं आहे, दम लागतोय, हृदयाच्या झडपेचा मोठा आवाज ऐकू येतोय, अशा वेळी इको हवाच. नुसतं वय बघून तो लिहिला असेल तर ‘याच्या निकालाने तुमचा निर्णय बदलणार आहे का?’ असा साधा प्रश्न नातेवाइकाने विचारावा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत खरा आहे. २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढे ती सगळ्या महाराष्ट्रात गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०२३ मध्ये शासनाने तिची मर्यादा कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि सगळ्या रेशनकार्डांना ती लागू करण्याचा निर्णय घेतला. सत्तरीपुढच्या माणसांसाठी केंद्राचं वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून आहे. कोणती शस्त्रक्रिया कुठल्या रुग्णालयात बसते हे आरोग्यमित्र सांगतो, त्याचं टेबल शोधणं हे रुग्णालयात पोचल्यावरचं पहिलं काम. तरी योजनेत न येणारा खर्च उरतोच. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, जाण्यायेण्याचं भाडं, डबा, बाहेरून आणायला सांगितलेली औषधं. सोयाबीनच्या काढणीत हे प्रकरण उपटलं तर घराची कंबर मोडते, हे मी नाकारत नाही. पण बाजेवरची चार महिन्यांची सेवाही फुकट नसते. ती सुनेच्या किंवा लेकीच्या अंगावर पडते, आणि तिच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून स्वस्त दिसते. आणखी एक. महागडा, आयात केलेला, पूर्ण सांधाच बसवला पाहिजे असं नाही. गोळा आणि वाटी दोन्ही बदलणं आणि नुसता गोळा बदलणं यांची तुलना १,४९५ रुग्णांवर झाली, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच निघालं. गोळा सिमेंट लावून बसवलेल्यांचं पुढचं जगणं बिनसिमेंटवाल्यांपेक्षा थोडं बरं असतं, असं २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. म्हणजे सत्तरीपुढच्या बहुतेक माणसांना सिमेंट लावलेला साधा अर्धा सांधा पुरतो.

हाडवैद्याकडे परत येतो, कारण इथे परंपरेचा दाखला दिला जातो. सुश्रुतसंहितेत मांडी, कंबर, पाठ मोडलेल्यासाठी कपाटशयन सांगितलं आहे. रुग्णाला फळीवर निजवायचं, पाच खुंट्या ठोकायच्या आणि हालचाल होऊ नये असं बांधून ठेवायचं. त्या काळात यापेक्षा शहाणपणाचा उपाय कुठल्याही देशात नव्हता. युरोपातले सर्जनसुद्धा विसाव्या शतकापर्यंत पायाला वजन टांगून महिनोन्‌महिने माणसं निजवत होते. १९३९-४० च्या सुमारास जर्मनीत क्युंचरने हाडाच्या पोकळीत सळई घालायला सुरुवात केली, अमेरिकेत ऑस्टिन मूरने १९४० मध्ये धातूचा गोळा बसवला, तेव्हापासून निजवण्याची गरज सरत गेली. त्याच सुश्रुतात असंही म्हटलं आहे की तरुणपणी मोडलेलं सहज बरं होतं आणि म्हातारपणी मोडलेलं मोठ्या कष्टाने. परंपरेचा आधार घ्यायचाच तर हेही वाक्य घ्यावं. मनगटाला किंवा घोट्याला मुका मार लागला, कुणी पट्टी बांधली, तर मी वाद घालणार नाही. खुब्याला मात्र ओढून ‘बसवण्याचा’ प्रयोग झाला की सरकलेलं हाड आणखी सरकतं आणि उरल्यासुरल्या रक्तवाहिन्या तुटतात.

मग उशीर नेमका कुठे होतो? अठरा देशांतल्या अस्थिभंगाच्या हजारो रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उशिराचं सर्वांत मोठं कारण एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवणी हे निघालं. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. बेंबळीहून धाराशिव विसेक किलोमीटर, तिथून लातूर किंवा सोलापूर आणखी लांब. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवा एक्स-रे. धाराशिवला २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यामुळे ही साखळी आखूड व्हायला हवी. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. पण या साखळीची पहिली कडी घरात असते. थोरला पुण्याला असतो, तो आल्यावर बघू. रात्र झाली, सकाळी बघू. आधी तेल चोळून बघू. पडलेल्या माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या अंगाला लवंडलेलं असेल, टाच अंथरुणावरून उचलता येत नसेल, तर बघायचं काही उरलेलं नाही. चोळू नका, बसवू नका. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवून सैल बांधा आणि निघा. कधी मान मोडून एकमेकांत रुतून बसते, तेव्हा माणूस चार पावलं टाकतोसुद्धा, आणि दोन दिवसांनी ती सरकते. थोड्या रुग्णांत तर पहिल्या एक्स-रेमध्ये मोड दिसतच नाही. एक्स-रे स्वच्छ आला तरी पायावर भार टाकता येत नसेल तर सीटी किंवा एमआरआय सुचवावा लागतो. उलट, पडल्यावर नुसतं जांघेपुढचं कमरेचं बारीक हाड तडकलं असेल, तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. गोळ्या देऊन वेदना आटोक्यात आणायची आणि लवकर उठवायचं. दोन्हीत दुखणं जवळजवळ एकाच जागी, उपचार अगदी वेगळे, म्हणून अंदाजावर निजवून ठेवणं दोन्हीकडे चूक.

तरुणांच्या बाबतीत चित्र वेगळं, ते थोडक्यात सांगतो. मोटारसायकल उसाच्या दिवे नसलेल्या ट्रॉलीवर आदळली की कमरेचं कडंच फुटतं आणि आत रक्तस्राव होतो. अशा वेळी लुगड्याची किंवा चादरीची रुंद घडी कमरेला बांधतात, पण ती पोटावर नको. मांडीच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे जे हाडाचे उंचवटे हाताला लागतात, त्यांच्या पातळीवर ती आवळून बांधायची आणि गुडघे एकत्र बांधायचे. माणसाला कुशीवर लोळवून बघायचं नाही.

आता ज्या आक्षेपाला मी सर्वांत जास्त वजन देतो तो. लोक म्हणतात, ‘डॉक्टर पैशासाठी ऑपरेशन सांगतात.’ मराठवाड्यात हे म्हणण्याला आधार आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे दर सहा जणींमागे एक. कोयता घेऊन फडात जायचं, पाळीच्या दिवसांचा खाडा परवडायचा नाही, अंगावर जाण्यावर साधे उपचार करायला कुणी नव्हतं, आणि ‘कॅन्सर होईल’ ही भीती घालायला मात्र माणसं होती. ज्या घरातल्या बाईचं तिशीत गरज नसताना ऑपरेशन झालं, त्या घराने सासूच्या खुब्याच्या ऑपरेशनवर संशय घेतला तर तो अडाणीपणा म्हणता येणार नाही. तो अनुभव आहे.

पण त्याच घटनेत माझ्या विषयाचा दुसरा धागा आहे. गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली की पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयाआधी दहा-पंधरा वर्षं शरीरातलं इस्ट्रोजेन आटतं, आणि हाडं झिजायला तितकी वर्षं आधी सुरुवात होते. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याची वेळ काहीशी अलीकडे येऊ शकते. म्हणजे तिशीत केलेल्या अनावश्यक शस्त्रक्रियेचं देणं पासष्टीत खुबा मोडून फेडावं लागण्याची शक्यता वाढते, आणि तेव्हा गरज असलेली शस्त्रक्रिया नाकारली जाते, कारण पहिल्या वेळी विश्वास मोडलेला असतो. एकाच बाईची दोनदा फसगत. यातून वाट काढायची तर दोन्ही शस्त्रक्रियांमधला फरक सामान्य माणसाला दिसला पाहिजे. पहिलीमध्ये भीती दाखवली गेली ती पुढच्या, न दिसणाऱ्या रोगाची, आणि थांबून दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला वेळ होता, तो घेऊ दिला गेला नाही. खुब्यात तुटलेलं हाड एक्स-रेवर घरच्या माणसालाही दाखवता येतं. ते दाखवा म्हणावं, मान कुठे, गोळा कुठे, तडा कुठे. दुसरं मत हवं तर त्याच दिवशी, तोच एक्स-रे मोबाइलवर पाठवून घ्यावं. संशय ठेवायला हरकत नाही. संशयापायी आठवडा घालवायला मात्र आहे.

हाडं पोखरणाऱ्या गोष्टींत स्टेरॉइडही येतं. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या, दर आठवड्याचं ‘ताकदीचं’ इंजेक्शन, यांत ते सर्रास सापडतं. चार दिवसांत आराम पडतो तो त्याचाच. खुब्यावर त्याचा आणखी एक घाव बसतो, हाड न मोडता गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि गोळा चेपतो. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडनंतर असं झालेले चाळिशीच्या आतले तीन रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. कोविडमध्ये स्टेरॉइडने असंख्य जीव वाचवले, तेव्हा औषधाला दोष देऊन भागत नाही. पण चाळिशीतल्या माणसाची जांघ महिनोन्‌महिने दुखतेय, मांडी घालून बसता येत नाही, आणि तो कमरेची नस म्हणून शेकत बसला आहे, हे चित्र बदलायला हवं.

एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तिथे मी आतापर्यंतच्या माझ्या म्हणण्याला मर्यादा घालतो. जी माणसं आधीपासूनच अंथरुणाला लागलेली आहेत, स्मृती गेलेली आहे, फार दिवसांची सोबती नाहीत, त्यांचंही ऑपरेशन करायचं का? नेदरलँड्समध्ये शुश्रूषागृहांतल्या अशा अतिशय जर्जर १७२ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये आला. त्यांच्या नातेवाइकांशी डॉक्टरांनी सविस्तर बोलून दोन्ही वाटा मांडल्या. निम्म्या लोकांनी शस्त्रक्रिया नको म्हटलं. तीस दिवसांत त्यांपैकी ८३ टक्के गेले, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २५ टक्के. तरी शस्त्रक्रिया नाकारलेल्यांचे शेवटचे दिवस दुसऱ्या गटापेक्षा वाईट गेले नाहीत, असं निघालं, कारण त्यांच्या वेदनेवर नीट इलाज होता. शस्त्रक्रिया न करणं हाही उपचार असू शकतो, हे मी मान्य करतो. पण त्यात दोन अटी आहेत. आपण कशाची निवड करतोय हे उघड बोललेलं असावं, आणि वेदना मारायची पूर्ण व्यवस्था असावी, प्रसंगी मॉर्फिनसकट. आपल्याकडे ‘घरीच ठेवू’ म्हणतात तेव्हा यातलं काहीच नसतं. कुशीवर वळवताना म्हातारी किंचाळते ते ऐकवत नाही म्हणून तिला वळवणं बंद करतात. आणि पडायच्या आदल्या दिवसापर्यंत जी बाई ओसरीत बसून शेंगा फोडत होती, चालत देवळात जात होती, ती या जर्जर गटात मोडतच नाही, तिचं वय पंच्याऐंशी असलं तरी.

शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, म्हातारी वॉकर घेऊन न्हाणीपर्यंत जाऊ लागली, की घर सुटकेचा श्वास टाकतं. इथे अजून एक काम राहतं आणि ते बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा खुबा, मणका, मनगट मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, कारण हाडं तीच आहेत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत सुरू करून वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अॅसिड शिरेतून दिलं, तर काय होतं हे २,१२७ रुग्णांवर तपासलं गेलं. २००७ च्या निष्कर्षांत नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी दिसले. हे औषध आता आपल्याकडे बनतं. देण्याआधी किडनीची तपासणी करावी लागते, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून घ्यावं लागतं, दातांचं मोठं काम असेल तर ते उरकावं लागतं. किडनी कमजोर असेल तर दुसरी औषधं आहेत. घरी येताना हातात मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर वेदनेच्या गोळ्या असतात, अँटिबायोटिक असतं, टाके काढायची तारीख असते. हाडं ठिसूळ होण्यावरच्या औषधाची ओळ त्यावर आहे का ते वाचा, आणि नसेल तर कार्ड खिशात घालण्याआधी तिथेच विचारा.